धुक्याची तीन नावं

झुल्मीराची जीभ काळी, असं अख्खं पोर्तीन्यू गाव म्हणतं, आणि सकाळ उजाडली की त्याच जिभेकडे कान लावून बसतं.

नदी जिथं समुद्राला मिळते तिथं दगडी धक्का आहे. धक्क्याच्या मुळाशी चुन्यानं रंगवलेली एक खोली, खोलीत मच्छीमार सोसायटीचा रेडिओ, आणि रेडिओपुढं झुल्मीरा. बाहेरच्या बोटी विचारतात, मुखाशी कसं आहे? ती सांगते. इतकंच तिचं काम. पण त्या सांगण्यावर अकरा बोटी आणि साठ-सत्तर माणसं घरी येतात, किंवा बाहेर थांबतात.

बाई एकसष्ट वर्षांची, ठेंगणी, बारा महिने काळ्या शालीत. शब्द वापरण्यात भलतीच काटेकोर. बेकरीवाला म्हणाला, "ताजा पाव आहे, झुल्मीराबाई," की ती पावाला बोट लावून विचारणार, "ताजा आहे की नुसता गरम आहे? कालचा पाव आज गरम होतो रे, ताजा होत नाही." बेकरीवाला तिला पाहिलं की आता "पाव आहे" एवढंच म्हणतो.

तिचा नवरा फिरमीनू सतरा वर्षांपूर्वी समुद्रात गेला. प्रेत मिळालं नाही. धक्क्यावर बुडालेल्यांचा जुना लोखंडी क्रूस आहे, त्याच्या पायथ्याच्या दगडावर नावं कोरायची रीत आहे. पाथरवटानं रीतीप्रमाणे चौघांच्या नावापुढं 'समुद्रात हरवले' असं कोरायला घेतलं. झुल्मीरा त्याच्या छिन्नीसमोर जाऊन उभी राहिली. "हरवलेला माणूस सापडतो," ती म्हणाली. "माझा बुडालाय. बुडाला असं लिही." पाद्रीबाबांनी समजावलं, बाकीच्या तिघींनी कपाळाला हात लावले, पण त्या दगडावर तीन माणसं हरवलेली आहेत आणि एक बुडालेला आहे. आजही कोणी जाऊन बघावं.

तर धुक्याची नावं. शहरातल्या माणसाला नेब्लिना काय, नेवुएरू काय आणि सेर्रासांव काय, सगळं धुकंच. शब्दकोशातही तिन्हींपुढं थोड्याफार फरकानं तेच लिहिलेलं असणार. पोर्तीन्यूत मात्र या शब्दांना मापं आहेत. रेडिओच्या खोलीच्या दारातून धक्क्यावर तीन खुणा दिसतात. चाळीस पावलांवर पांढरा खांब, दोनशे पावलांवर तो क्रूस, आणि अगदी टोकाला लाल दिवा. दिवा पुसट का होईना दिसला तर नेब्लिना: या, पण सावकाश. दिवा गेला आणि क्रूस दिसतोय तर नेवुएरू: मुख ज्याच्या अंगवळणी पडलंय त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर यावं. क्रूसही गेला की सेर्रासांव. मग कोणीही यायचं नाही, बोट राजाची असली तरी. मुखाच्या डाव्या अंगाला 'घोडा' म्हणतात तो खडक आहे, आणि त्याला कोणाची ओळख नाही.

बघायचीही एक पद्धत आहे, रेडिओपुढच्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकीला ती शिकवली जाते. आधी खोलीतल्या भिंतीकडे बघायचं, मग झटकन धक्क्याकडे. पहिल्या नजरेत आलं ते खरं. टक लावून बसलं की धुक्यात मनातलं दिसायला लागतं.

हे सगळं ठीक. घोळ होता तो तिसऱ्या शब्दात. पुरुष समुद्रावर असताना पोर्तीन्यूच्या बाईनं सेर्रासांव म्हणायचं नाही. म्हटलं की धुकं ते ऐकतं आणि मुक्कामाला येतं, असं इथं आज्या-पणज्यांपासून मानतात. मग रेडिओवर काय सांगायचं? तर म्हणायचं, "नेवुएरू आहे, सूप चुलीवर आहे." सूप चुलीवर आहे म्हणजे ताटात नाही, म्हणजे येऊ नका. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते कळायचं. माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा होता, पण इतकी वर्षं तो कोणाला नडला नाही, त्यामुळे शहाणपणात जमा झाला.

सतरा वर्षांपूर्वी नडला. तेव्हा खुर्चीवर झुल्मीराची सासू एमेरेन्सियाना होती. फिरमीनूच्या बोटीचा नेहमीचा तांडेल आजारी, म्हणून तीन आठवड्यांसाठी दक्षिणेकडचा एक माणूस आणला होता. कॅबिनमध्ये रेडिओपाशी तो एकटा, फिरमीनू आणि बाकीचे दोघं मागं जाळ्यात गुंतलेले. एमेरेन्सियाना म्हणाली, "नेवुएरू आहे, सूप चुलीवर आहे." तो माणूस हसून म्हणाला, "मग येतोच. वाढायला घ्या." हे बाकीच्या सगळ्या बोटींनी ऐकलं. म्हातारीनं पुन्हा सांगितलं, "चुलीवर आहे हो, चुलीवरच राहू दे." त्यानं रेडिओ ठेवून दिला होता. मग कोणीतरी घोड्याच्या बाजूनं लाकूड फुटल्याचा आवाज ऐकला.

कोणी म्हातारीला बोल लावला नाही. समुद्राची मर्जी, परक्या तांडेलाची चूक, देवाला आवडला, असं प्रत्येकानं येऊन सांगितलं. नवव्या दिवशीची प्रार्थना आटोपल्यावर झुल्मीरा सोसायटीत गेली आणि ती खुर्ची तिनं मागून घेतली. त्याच महिन्यात एका सकाळी क्रूस दिसेना. तिनं बटण दाबलं आणि सरळ म्हणाली, "सेर्रासांव. कोणी येऊ नका." बाजारात बायकांनी तिच्याकडे पाठी फिरवल्या. कोळणीनं तिच्या टोपलीत सार्डीन टाकायला नकार दिला. काळी जीभ हे नाव तेव्हाच पडलं. पण बोटी बाहेर थांबल्या, दुपारी घरी आल्या, आणि हळूहळू सार्डीनही मिळायला लागली.

एमेरेन्सियाना मात्र रोज सकाळी यायची. आता तिला सत्त्याऐंशी वर्षं झालेली. काठी टेकत यायची, खोलीच्या बाहेर भिंतीशी बाक आहे त्यावर बसायची, जपमाळ काढायची, दुपारी उठून जायची. सासू-सुना एकाच घरात राहत, एकाच भांड्यातलं सूप पीत. फक्त सतरा वर्षांत त्या घरात कोणी 'सूप चुलीवर आहे' असं म्हटलं नव्हतं, आणि त्या सकाळबद्दल एक अक्षर बोललं नव्हतं. शब्दांवरून अख्ख्या गावाशी भांडणारी झुल्मीरा सासूपुढं मुकी होती. तिला सांगायचं काय होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हाताऱ्या बाईला ते सांगायचं कोणत्या तोंडानं, हे कळत नव्हतं.

मी सांगतोय ती ऑगस्टमधली सकाळ. पहाटे आकाश स्वच्छ होतं, आठ वाजता समुद्रावरून पांढरं सरकायला लागलं, साडेनऊला दिवा गेला. झुल्मीरानं नेवुएरू सांगितलं, सात बोटी येऊन लागल्या. तीन बोटी लांब उत्तरेला होत्या, त्यांना घाई नव्हती. राहिली एस्त्रेला. तिच्यावर झुल्मीराचा एकुलता मुलगा वाल्देमार होता.

दहा वाजून पाच मिनिटांनी एस्त्रेलाचा तांडेल एवारिस्तु रेडिओवर आला. हाही दक्षिणेकडचाच, दोन वर्षांपूर्वी आलेला. आवाज नेहमीचा नव्हता.

"झुल्मीराबाई, ऐका. वाल्देमारचा पाय दोरात सापडला, जाळं ओढायच्या यारीच्या. गुडघ्याखाली. पट्ट्यानं आवळून बांधलाय पण रक्त थांबत नाही. मुखापासून पाऊण तासावर आहे. गाडी बोलावून ठेवा."

झुल्मीरानं गाडी बोलावली. मोठ्या बंदरातल्या मदतबोटीला विचारलं. त्यांनी सांगितलं, या धुक्यात दोन तास लागतील, हेलिकॉप्टर तर उडणारच नाही. तिनं सगळं नीट लिहून घेतलं. अक्षर जरासुद्धा हललं नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. वाल्देमारची बायको ग्रासिएला पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारातच उभी राहिली. बाहेर रुग्णवाहिका येऊन थांबली, तिच्यातले दोघं खाली उतरून सिगारेटी काढून बसले. बाकावर म्हातारीचे मणी सरकत होते.

पावणेअकराला क्रूस गेला.

झुल्मीरानं भिंतीकडे बघितलं, धक्क्याकडे बघितलं. पांढरा खांब होता, त्यापुढं काही नव्हतं. अजून कोणी काही विचारलं नव्हतं. विचारेपर्यंत क्रूस परत येईल, असं म्हणून ती तिकडे बघत राहिली.

"झुल्मीराबाई," रेडिओ बोलला. "मुखाबाहेर पोचलो. मला पाण्याचा रंग दिसतोय, बाकी काही नाही. पोरगं पांढरं पडत चाललंय. बोलत नाही आता. साडेअकराला ओहोटी लागली की मुखात लाटा उठतील, मग तर येताच येणार नाही. नेवुएरू असेल तर मी आणतो त्याला, मुख माझ्या अंगवळणी पडलंय. काय आहे सांगा."

"थांब," ती म्हणाली. "बघते."

"काय बघता?" ग्रासिएला आत आली. "आई, काय बघायचंय आता? येऊ दे म्हणा त्याला."

"क्रूस नाही, ग्रासिएला."

"आहे. तो काय. नीट बघा ना. खांबाच्या उजव्या अंगाला, काळं उभं."

झुल्मीरा बघतच होती. ग्रासिएला म्हणते तिथं तिनं डोळे रोखले. आणि खरंच, पांढऱ्यात काहीतरी गडद झालं. उभं. वर आडवं काही असल्यासारखं. क्रूस म्हणजे नेवुएरू. नेवुएरू म्हणजे एवारिस्तु येणार, वीस मिनिटांत पोरगं गाडीत, पुढच्या वीस मिनिटांत दवाखान्यात. त्यात खोटं काय होतं? दोघींना दिसला होता.

"दिसला ना? दिसला ना तुम्हाला?" ग्रासिएलानं तिचा दंड धरला. दंडावर पीठ लागलं. "मग सांगा की. इतकी वर्षं सगळ्यांना तोंडावर खरं बोललात, आता स्वतःच्या पोरासाठी बोला."

झुल्मीरानं बटणावर अंगठा ठेवला.

"मलाही दिसला होता," दारातून आवाज आला.

एमेरेन्सियाना काठी टेकून उभी होती. सतरा वर्षांत ती बाकावरून उठून त्या खोलीत आली नव्हती.

"काय म्हणता, आई?" झुल्मीरानं विचारलं, पण मागं वळली नाही. वळली तर काळं उभं निसटेल असं तिला वाटत होतं.

"त्या दिवशी. मला क्रूस दिसला होता. आधी नाही दिसला. मग फिरमीनूची बोट आहे म्हणून मी बघत राहिले, बघत राहिले, आणि दिसला. गावाला वाटतं मी अपशकुनाला भ्यायले. भ्यायलेच. पण क्रूस दिसल्यासारखा झाला म्हणून, तो तांडेल येतो म्हणाला तेव्हाही, मला तो शब्द गिळायला सोपं गेलं." म्हातारी आत आली. तिनं काठी टेबलाला टेकवली, सुकलेल्या हातानं झुल्मीराची हनुवटी धरली आणि लहान पोरीचं वळवावं तसं तिचं तोंड भिंतीकडे वळवलं. "भिंतीकडे बघ."

भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं. झुल्मीरानं त्यावरच्या तारखा बघितल्या.

"आता बघ."

तिनं बघितलं. पांढरा खांबही निम्मा गेला होता. त्यापुढं काळं नव्हतं, उभं नव्हतं, काहीच नव्हतं.

"झुल्मीराबाई," रेडिओवर एवारिस्तु. मागं कोणीतरी वाल्देमारला नावानं हाका मारत होतं, ते ऐकू येत होतं. "एक शब्द सांगा. तुम्ही सांगाल तो."

तिनं बटण दाबलं. तोंड उघडलं. शब्द तिथंच होता, सतरा वर्षं शेकडो वेळा उच्चारलेला, दुसऱ्यांच्या पोरांसाठी. आज तो घशातून वर येईना. बटण दाबलेलं, रेडिओवर नुसता तिचा श्वास जात होता. ग्रासिएला रडत होती, "म्हणू नका, आई, म्हणू नका," आणि तेही बाहेरच्या चारही बोटींना ऐकू जात असणार.

म्हातारी टेबलावर वाकली. तिनं सुनेचा हात काढला नाही, बटणावर तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला.

"सेर्रासांव," ती म्हणाली. सत्त्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा. "सेर्रासांव आहे, बाळा. आत येऊ नकोस. पाय वर उचलून धरा त्याचा, आणि पट्टा सोडू नका."

थोडा वेळ नुसती खरखर. मग एवारिस्तु म्हणाला, "समजलं. थांबतो."

ग्रासिएला भिंतीशी खाली बसली. "मारलंत त्याला दोघींनी मिळून," ती म्हणाली. खरं की खोटं, कोणालाच माहीत नव्हतं.

नंतरची पन्नास मिनिटं या लोकांनी कशी काढली ते मला नीट सांगता येणार नाही. दर पाच मिनिटांनी झुल्मीरा भिंतीकडे बघायची, मग धक्क्याकडे. दर दहा मिनिटांनी एवारिस्तु विचारायचा आणि ती सांगायची. दुसऱ्या खेपेपासून तिचा आवाज परत आला होता. सेर्रासांव. सेर्रासांव. मधे एकदा त्यानं सांगितलं की पोरानं पाणी मागितलं. एकदा सांगितलं की डोळे मिटलेत. साडेअकरा वाजले, ओहोटी लागली, मुखाकडून लाटांचा आवाज यायला लागला. रुग्णवाहिकेतले दोघं सिगारेट विझवून उभे राहिले.

अकरा अडतीसला तिनं कॅलेंडरवरून नजर वळवली आणि क्रूस उभा होता. तिनं खात्रीसाठी पुन्हा भिंतीकडे बघितलं, पुन्हा बाहेर. होता.

"नेवुएरू," ती म्हणाली. "क्रूस दिसतोय, दिवा नाही. ओहोटी लागलीय. पुढचं तुझं, एवारिस्तु."

"येतो."

इंजिनाचा आवाज आला, लाटेत बुडाला, पुन्हा आला. घोड्याच्या बाजूला सरकल्यासारखा वाटला आणि ग्रासिएलानं कान झाकून घेतले. मग धुक्यातून एस्त्रेलाचं निळं नाक निघालं, अंगावर पाणी घेत, तिरकं, आणि धक्क्याच्या आत सरळ झालं. वाल्देमारला फळीवर घालून वर काढलं तेव्हा त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. ग्रासिएला त्याच्याबरोबर गाडीत बसली. झुल्मीरानं दारातून त्याचा चेहरा बघितला आणि ती परत आत गेली. तीन बोटी अजून बाहेर होत्या.

त्या तीन बोटी यायला तीन वाजले. त्याच सुमाराला दवाखान्यातून फोन आला. वाल्देमार जगेल. पाय गेला, गुडघ्याखाली कापावा लागला. त्या पन्नास मिनिटांत गेला की दोरात सापडला तेव्हाच गेला होता, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. ग्रासिएला पुढं चार महिने सासूशी बोलली नाही, आणि त्याबद्दल मी तिला दोष देणार नाही.

झुल्मीरानं फोन ठेवला, रेडिओ बंद केला, आणि बाहेर येऊन बाकावर सासूशेजारी बसली. फोनवरचं जसंच्या तसं सांगितलं. धुकं पार उठलं होतं. टोकाचा लाल दिवा उन्हात उगाचच लुकलुकत होता, कोणी तो बंद करायला गेलं नव्हतं.

म्हातारीनं जपमाळ खिशात ठेवली. "झुल्मीरा, एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी मी तो शब्द म्हटला असता, तर?"

हजारदा मनात घोळवलेलं उत्तर होतं. झुल्मीरानं त्याच्यासाठी मऊ शब्द शोधून बघितला. तिला मऊ शब्द येत नव्हते, आणि जे येत होते ते खरे नव्हते. ती आधी चुन्याच्या भिंतीकडे बघत राहिली, मग म्हातारीकडे वळली.

"तर तो बाहेर थांबला असता," ती म्हणाली. "आणि दुपारी घरी आला असता."

एमेरेन्सियानाच्या सुरकुत्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. मग तिनं सुनेच्या हातावर हात ठेवला.

"हे कोणीतरी मला सांगेल," ती म्हणाली, "म्हणून मी रोज इथं येऊन बसत होते."